नऊ प्रश्न आणि एक आकडा

झोप लागत नाही, कशात मन रमत नाही, उदास वाटते, दमायला होते, भूक मंदावते किंवा अति खाल्ले जाते, आपण नालायक आहोत असे वाटते, लक्ष लागत नाही, हालचाली मंदावतात किंवा चुळबुळ वाढते, मरून गेलेले बरे असे मनात येते. गेल्या दोन आठवड्यांत यांतला प्रत्येक त्रास किती दिवस झाला, एवढेच ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली विचारते. अजिबात नाही म्हटले तर शून्य, जवळजवळ रोज म्हटले तर तीन. अशी बेरीज शून्य ते २७ होते. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के यांनी तयार केलेली ही प्रश्नावली मोफत आहे आणि मराठीतही मिळते. चिंतेसाठी तिच्याच धर्तीची, सात प्रश्नांची ‘जीएडी-७’ २००६ मध्ये आली. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची ‘डब्ल्यूएचओ-५’ मात्र उलट बाजूने जाते. ती त्रास विचारतच नाही. उत्साह, शांतपणा, ताजेतवानेपणा किती वाटला ते विचारते.

पीएचक्यू-९ मध्ये १० किंवा जास्त गुण आले की तपासणी करून घ्यावी असे मानतात. निदान मात्र त्या आकड्याने होत नाही, आणि त्यामागे साधे गणित आहे. २००१ च्या मूळ अभ्यासात या सीमारेषेने नैराश्य असलेल्या १०० पैकी ८८ जणांना ओळखले आणि नसलेल्या १०० पैकी ८८ जणांना बरोबर वगळले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याचे प्रमाण प्रौढांत २.७ टक्के आढळले. दोन्ही आकडे धरून एखाद्या वसाहतीतल्या हजार जणांनी प्रश्नावली भरली, तर खरे रुग्ण सुमारे २४ सापडतील आणि ११७ जणांचे गुण विनाकारण दहाच्या वर जातील. म्हणून मोबाइलवर एकदा चाचणी देऊन ‘मला डिप्रेशन आहे’ असे ठरवणे घाईचे ठरते.

मुंबईच्या उपनगरांत हा घोटाळा आणखी वाढतो. नऊपैकी झोप, थकवा आणि भूक हे तीन प्रश्न शरीराचे आहेत. पहाटे उठून डबा करून बोरिवली किंवा मुलुंडहून गर्दीची लोकल पकडणाऱ्या बाईचे, किंवा अंधेरीत रात्रपाळी करणाऱ्या तरुणाचे दोन-चार गुण मन ठीक असतानाही चढू शकतात. रक्तक्षय आणि थायरॉइडचे विकारही हेच करतात. तेव्हा दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यापेक्षा आपल्याच मागच्या आकड्यांशी केलेली तुलना जास्त सांगून जाते. प्रश्न दोन आठवड्यांबद्दल असल्याने रोज भरण्यात अर्थ नाही, पंधरवड्यातून एकदा पुरे. आकड्याशेजारी कामाची पाळी बदलली, परीक्षा होती, घरात आजारपण होते अशी एखादी ओळ लिहावी. एक-दोन गुणांची चढउतार सोडून द्यावी. पाच गुणांचा फरक मात्र खरा बदल मानला जातो.

अशा प्रश्नावल्यांचा पद्धतशीर वापर गोव्यात झाला. तिथल्या ‘संगत’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली ‘मानस’ हा प्रयोग २४ प्राथमिक आरोग्य केंद्रे व खासगी दवाखान्यांत केला. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण येत ते अंगदुखी, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन. छोट्या प्रश्नावलीतून नैराश्य किंवा चिंता असण्याची शक्यता दिसली की, मानसतज्ज्ञ नसलेले पण प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक त्यांच्याशी बोलत आणि पाठपुरावा करत. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी अशा रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश बरे झाले होते. समुपदेशक नसलेल्या केंद्रांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या थोडेसेच वर होते. फरक पाडला तो समुपदेशकांनी, कारण प्रश्नावली दोन्हीकडे भरून घेतली होती. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, हेही नोंदवायला हवे. संगतच्याच पुढच्या प्रयोगात समुपदेशक भेटीगणिक पीएचक्यू-९ भरून घेत, म्हणजे सुधारणा अडली तर लगेच कळे.

नवव्या प्रश्नाला बेरजेचा नियम लागू नाही. एकूण गुण चार असले तरी मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचाराला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर पंधरवडा थांबायचे नसते. त्याच दिवशी कोणाशी तरी बोलायचे असते. त्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेली मानस’ ही मोफत सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे, मराठीतही. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही दूरध्वनी समुपदेशन सेवा आहे. प्रत्यक्ष भेटायचे तर विलेपार्ल्याचे कूपर आणि घाटकोपरचे राजावाडी ही महापालिकेची रुग्णालये पश्चिम आणि मध्य रेल्वेवरच्या रहिवाशांना जवळची आहेत.

पीएचक्यू-९ ची एक बाजू आंधळी आहे. अति उत्साह, झोपेची गरजच न वाटणे, बेफाम खर्च हे ती विचारत नाही. त्यामुळे द्विध्रुवी विकाराचा रुग्ण तिच्यात निव्वळ नैराश्याचा दिसतो आणि नुसती नैराश्यावरची गोळी त्याचा उन्माद भडकवू शकते. डॉक्टरांकडे नोंदी नेताना असे चढे दिवसही सांगावे लागतात. दोन खोल्यांत सहा माणसे आणि सामाईक मोबाइल असेल तर या नोंदी ठेवायच्या कुठे, हा प्रश्नही छोटा नाही. अनोळखी अ‍ॅपपेक्षा वहीत, प्रश्न न लिहिता नुसती तारीख आणि आकडा लिहिला तरी डॉक्टरांना तो पुरतो.