पऱ्हाटीचा कोळसा आणि विजेचा साठा

उलंगवाडी झाली की देवळीच्या परिसरात धुऱ्याधुऱ्यांवर उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग दिसू लागतात. काही चुलीत जातात, बऱ्याचशा शेतातच पेटविल्या जातात. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरला, तेव्हापासून पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नये हा आग्रह अधिकच वाढला. कारण वाळलेल्या बोंडांत अळी दडून राहते. आग्रह रास्त आहे. पण हेक्टरी दोन-तीन टन भरणाऱ्या या काडीकचऱ्याचे करावयाचे काय, या प्रश्नाला काडीपेटी हेच सर्वांत स्वस्त उत्तर ठरते.

या पऱ्हाटीचा संबंध विजेच्या साठवणुकीशी जोडला जाऊ शकतो, हे ऐकून हसू येणे स्वाभाविक आहे. तरीही तो संबंध काल्पनिक नव्हे. सुपरकपॅसिटर नावाच्या साधनात विजेचा साठा रासायनिक क्रियेने होत नाही. कार्बनचे दोन विद्युत् अग्र विद्युत् विच्छेद्य द्रवात बुडविलेले असतात. भार दिला की द्रवातील आयन कार्बनच्या पृष्ठभागाला जाऊन चिकटतात आणि भार काढून घेतला की सुटतात. पृष्ठभाग जितका अधिक, तितका साठा अधिक. म्हणूनच कोळसा ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला वाफेने किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडने ‘सक्रियित’ करून त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडली जातात. अशा उत्तम कोळशाच्या दोन-तीन ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ एक एकर भरते! बाजारातील असा बराचसा कोळसा आज नारळाच्या करवंटीपासून होतो. पऱ्हाटीपासूनही तो प्रयोगशाळांत झालेला आहे.

परंतु पऱ्हाटीचा कोळसा शेवटी भुकटीच. ती चिकटद्रव्याने ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवावी लागते, आणि चिकटद्रव्य स्वतः वीज वाहून नेत नाही. येथेच कापसाच्या तंतूचे महत्त्व आहे. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. हवा बंद ठेवून तो तापविला की तंतूचा आकार कायम राहून कार्बन उरतो. १८७९ साली एडिसनने दिव्यासाठी वापरलेली तार म्हणजे असेच कोळसा केलेले सुती सूत होते. अशा कार्बन तंतूंचे कापड स्वतःच अग्राचे काम करते. त्याला चिकटद्रव्य लागत नाही, छिद्रे थेट तंतूच्या पृष्ठावर उघडतात आणि आयनांची ये-जा त्वरेने होते. अर्थात चांगला रुई-कापूस जाळावा असे कोणी म्हणणार नाही. जिनिंग व सूतगिरणीत मागे उरणारे आखूड तंतू, सरकीला चिकटून राहणारी लव, हा त्यासाठीचा माल होय.

आता दुसरी बाजू. सुपरकपॅसिटर काही सेकंदांत भरतो, लाखो वेळा भरला-रिकामा केला तरी टिकतो. पण एका किलोत जेमतेम पाच ते दहा वॅट-तास वीज मावते. लिथियम-आयन बॅटरीत ती दीडशे ते अडीचशे वॅट-तास मावते. शिवाय साठा हळूहळू आपोआप ओसरतो. तंतूंचे कापड पोकळ असल्याने जागाही अधिक व्यापते. तेव्हा रात्रभर पंप चालविण्याची आशा त्याच्याकडून धरू नये. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती झेलणे, क्षणभर मोठा झोत देणे, ही त्याची कामे. शांघायमध्ये २००६ पासून थांब्यावर थांबताना भार घेणाऱ्या बसगाड्या याच साधनावर धावल्या.

महाराष्ट्रात या विषयाचे ज्ञान नाही असे नव्हे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. सी. डी. लोखंडे यांच्या गटाने सुपरकपॅसिटरच्या पातळ थरांवर दीर्घकाळ काम केले. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड व इंधनकांड्या करण्याच्या पद्धती बसविल्या. त्या अनुभवातून शिकण्यासारखी गोष्ट साधी आहे: ढीग मोठा, वजन थोडे, त्यामुळे शेतातून गोळा करण्याचा व वाहतुकीचा खर्चच मालाला खातो. कोळशाच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. शुद्ध सेल्युलोजमध्येही कार्बन वजनाने सुमारे ४४ टक्केच. प्रत्यक्षात हाती येतो त्याहून पुष्कळ कमी. पऱ्हाटीतील क्षार आम्लाने धुवावे लागतात, आणि त्या धुवणाच्या पाण्याचे काय करावयाचे हा प्रश्न नाल्याकाठच्या गावाला विचारल्याखेरीज सुटत नाही. पऱ्हाटीचा भुगा करून तो जमिनीतच मिसळण्याचा मार्गही उपलब्ध आहे, आणि काळ्या मातीला तोच अधिक मानवेल अशी शक्यता नाकारता येत नाही.

देवळीपासून जवळच, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम कुमारप्पांच्या नेतृत्वाखाली चाले. त्याच आवारात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. कोळसा कोणत्या भट्टीत, किती खर्चात, किती सारख्या प्रतीचा होतो, याचा प्रयोग तेथे वा अन्यत्र लहान प्रमाणावर करून पाहण्यास कोणाची हरकत असू नये. मात्र कारखान्याच्या घोषणेआधी एक आकडा जाहीर व्हावयास हवा. पऱ्हाटी उपटून बांधून गाडीत भरणाऱ्या शेतकऱ्याला क्विंटलमागे काय मिळणार? तो आकडा मजुरीहून कमी असेल, तर पुढच्या फाल्गुनातही धुऱ्यावर काडीच ओढली जाईल.