सात अक्षरांची किल्ली

स्क्रॅबलमध्ये क्यू किंवा झेड हाती आला की नवखा खेळाडू खूश होतो. दोन्हींना १० गुण. पण पाटावरच्या खास घरांचा हिशेब सोडला, तर ‘क्विझ’चे होतात २२. उलट ‘रिटेन्स’ची सातही अक्षरे एकेका गुणाची, तरी सगळ्या सोंगट्या एकाच खेळीत लागल्या म्हणून वर ५० गुण मिळतात, एकूण ५७. म्हणूनच मुरलेले खेळाडू ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही रोजची अक्षरे जपून ठेवतात. महामंदीच्या काळात हा खेळ रचणारे अमेरिकी वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रांतली अक्षरे मोजली होती. त्यामुळे १०० सोंगट्यांत ई १२ आहेत आणि क्यू एकच.

आता ही सात अक्षरे ढवळून समोर ठेवा. त्यांच्या मांडण्या होतात ५,०४०. कमी अक्षरांचे शब्दही धरले, तर १३,६९९. एकेक मांडणी शब्दकोशात शोधत बसण्याची गरज नाही. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून ठेवायची, तीच त्या शब्दाची किल्ली. ‘रिटेन्स’, ‘नॅस्टिअर’, ‘स्टेनर’, पाइनच्या राळेचा वास असलेली ग्रीक वाइन ‘रेट्सिना’, चरबीतले ‘स्टिअरिन’ या सगळ्यांची किल्ली एकच: ए-ई-आय-एन-आर-एस-टी. हातातली अक्षरे तशीच लावली की हे सगळे शब्द एकदम सापडतात. सातांतून निवडता येणारे गट फार तर १२७, म्हणजे तेवढ्याच किल्ल्या तपासायच्या. संगणकाचे काम इतके हलके होते, ते केवळ शब्दकोश आधी नीट लावून ठेवल्यामुळे. स्पर्धांत उतरणारे खेळाडूही शब्द असेच किल्लीवरून पाठ करतात.

पाटावर आधीच पडलेल्या अक्षरांशी शब्द जुळवणे याहून अवघड. संगणकशास्त्रज्ञ ॲपेल आणि जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यासाठी शब्दकोशाचे जाळे विणले. सारखे आरंभ आणि सारखे शेवट त्यात एकदाच साठवले जातात, आणि जिथे पुढे शब्दच नाही ती वाट संगणक तिथेच सोडतो.

मराठीत हे करायचे तर मुळातला प्रश्न वेगळा आहे: सोंगटी कशाची? ‘कमल’ आणि ‘कलम’ यांची किल्ली सरळ जुळते. पण काना सुटा धरला, तर ‘नवरा’ आणि ‘वानर’ यांचीही जुळते, कारण दोन्हींत न, व, र आणि एक काना. संगणक काना-मात्रा सुट्याच साठवतो, म्हणून इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम मराठी शब्दांवर जसाच्या तसा चालवला, तर हीच जोडी पुढे येईल. माझे मत स्पष्ट आहे: मराठी वाचणारा ‘रा’ हे एकच अक्षर वाचतो, तेव्हा सोंगटीही ‘रा’चीच हवी. त्याने सोंगट्यांचे प्रकार खूप वाढतील, जोडाक्षरांसाठी वेगळे नियम लागतील. मराठी शब्दखेळ करू पाहणाऱ्यांनी गुण ठरवण्याआधी बट्स यांच्यासारखी आपली वर्तमानपत्रे घ्यावीत आणि त्यांतली अक्षरे मोजावीत.