आठ सेंटिमीटरचा चौकोन

लोणच्याच्या बरणीवरील नाव, काडेपेटीवरील चित्र, यांना कायद्याच्या भाषेत ‘व्यापारचिन्ह’ म्हणतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे मलाही वाटत असे. पण मावशीच्या लोणच्यांसाठी अर्ज मीच भरला आणि मीच बिघडवला, तेव्हापासून तसे वाटेनासे झाले.

आपल्याकडे १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा आणि २०१७ चे नियम लागू आहेत. अर्ज ‘टीएम-ए’ या नमुन्यात करायचा. तो संगणकावरून केल्यास व्यक्ती वा लघुउद्योगास ४५०० रुपये शुल्क पडते. कागदावर केल्यास ५०००. संगणकाच्या अर्जाला चिन्हाची जेपीईजी प्रतिमा जोडतात, इतर कागदपत्रे पीडीएफमध्ये. चिन्ह आठ सेंटिमीटर लांब व आठ सेंटिमीटर रुंद, एवढ्या चौकोनापेक्षा मोठे नको.

हे सारे कारकुनी वाटते ना? मलाही वाटले. मी बरणीचा मोबाईलवर काढलेला फोटो, तोही दोन-तीन जणांकडून फिरत आलेला, जोडून टाकला. त्यात काचेवरची चमक होती, झाकण होते, किंमतही होती. मावशीला हवे होते ते फक्त नाव आणि शेजारची कैरी!

येथेच खरी मेख आहे. फाईल ही चिन्हाची नुसती नक्कल नव्हे. परीक्षक तीच तपासतो, व्यापारचिन्हांच्या राजपत्रात तीच छापली जाते आणि पुढे हक्क मिळतो तोही तिच्यात दिसते तेवढ्याचाच. अर्जातील किरकोळ दुरुस्ती चालते, पण चिन्हाचे स्वरूपच बदलेल अशी दुरुस्ती नियम ३७ करू देत नाही. मग उरतो नवा अर्ज. नोंदणी झाल्यावर हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो; म्हणजे नव्या अर्जाबरोबर जुनी तारीख गेली. मधल्या काळात दुसऱ्या कोणी तसेच चिन्ह मागितले असते तर? मावशी काही बोलली नाही, तेच जास्त लागले.

रंगाचेही असेच. रंगाची मर्यादा न घालता नोंदलेले चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदलेले आहे, असे कलम १० मानते. म्हणून जाणकार बहुधा काळीपांढरी प्रतिमाच द्यायला सांगतात. रंगसंगती हेच वैशिष्ट्य असेल, तर मात्र तसे लिहून रंगीत प्रत द्यावी लागते.

भाषेच्या विद्यार्थ्यांना नियम २८ आवडेल. चिन्हातील शब्द हिंदी वा इंग्रजीखेरीज अन्य लिपीत असतील, तर त्यांचे अचूक लिप्यंतर व भाषांतर द्यायचे आणि भाषा कोणती तेही सांगायचे. समजा, कोणी हौसेने ‘आजोळ’ हा शब्द मोडीत लिहिला. त्यातील ‘ळ’ इंग्रजीत कसा उतरवणार? आणि आजोळाचे भाषांतर ‘आईच्या आईवडिलांचे घर’ असे केले, की त्यातली सुट्टी आणि आंबे कुठे जातात, देव जाणे!

आकृतीला तीन मिती असल्या, तर किमान तीन निरनिराळ्या बाजूंची दृश्ये लागतात. ध्वनीसुद्धा नोंदवता येतो. भारतात ‘याहू’ची आरोळी २००८ मध्ये नोंदली गेली. त्यासाठी तीस सेकंदांपर्यंतची एमपी-३ फाईल आणि सोबत त्या सुरांचे लेखी स्वरलेखन द्यावे लागते. संगीत विभागातील मित्रांना ही कामे मिळायला हरकत नाही. युरोपीय संघाने २०१७ पासून चिन्ह रेखाटूनच दाखवण्याची अट काढली. तेथे हलती चिन्हे एमपी-४ फाईलमध्ये देता येतात.

आमच्या दुसऱ्या अर्जासाठी मामेबहिणीने पांढऱ्या कागदावर बोरूने नाव लिहिले, शेजारी कैरी काढली. कागद इंचाला तीनशे ठिपके या सूक्ष्मतेने स्कॅन केला. आठ सेंटिमीटरला ते साधारण ९४५ ठिपके भरतात. ‘पाठवा’ची कळ दाबण्यापूर्वी मी मावशीला पडद्यासमोर बसवले. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि कैरीचा देठ जरा आखूड करायला सांगितला.