पानावर जाऊ नका, फळ शोधा

उन्हाळ्याच्या तोंडाशी बेंगळुरूच्या जे. पी. नगरात फेरफटका मारला, की आधी टॅबेबुयाची गुलाबी फुलं नजरेत भरतात. मान आणखी वर केली, तर सरळसोट वाढलेल्या एखाद्या झाडाच्या शेंड्याकडे केशरी-पिवळे तुरे दिसतात. हा सिल्व्हर ओक. त्याचं पान उचलून उलटं करा. खालची बाजू चंदेरी दिसते. पण हा खरंच ओक आहे का, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. रस्त्यावर उभ्याउभ्या तीन खुणा पाहिल्या तरी पुरे.

पहिली खूण पानाची. बहुतेक ओकची पानं एकसंध असतात, कडा दातेरी किंवा खाचदार. सिल्व्हर ओकचं पान नेच्यासारखं, मधल्या शिरेपर्यंत चिरत गेलेलं. त्याच्या अरुंद पट्ट्या स्वतंत्र पानंच वाटतात. अशा वेळी डोळा, म्हणजे कोंब, कुठे आहे ते शोधावं. पान फांदीला जोडलेलं असतं त्या बेचक्यात तो असतो. पट्ट्यांच्या बुडाशी नसतो. म्हणजे हातभर वाटणारा तो सगळा पसारा एकच पान. चंदेरी रंगावर मात्र विसंबू नये. उत्तराखंड-हिमाचलातला बांज हा अस्सल ओक, आणि त्याच्याही पानांची खालची बाजू लव असल्यामुळे पांढुरकी दिसते.

दुसरी खूण फुलांची. ओकचे नरफुलोरे बारीक, लोंबते आणि फिके असतात. परागकण वाऱ्यावर जातात, त्यामुळे भपक्याची गरज नाही. सिल्व्हर ओकची फुलं दात घासायच्या ब्रशच्या केसांसारखी एकाच बाजूला उभी असतात आणि त्यांत मध भरपूर. एकेक कळी जवळून पाहण्यासारखी आहे. पाकळ्यांसारखे चार भाग मिटलेले असतानाच आतला परागकोश फुटतो आणि पराग स्त्रीकेसराच्या टोकाला चिकटतात. मग केसराची दांडी कमानीसारखी बाहेर वाकते आणि शेवटी सुटून ताठ होते. मध प्यायला आलेल्या शिंजिराच्या कपाळाला पराग लागतात ते त्या टोकावरून. स्वतःचे पराग वाटून झाल्यावरच ते टोक दुसऱ्या फुलाचे पराग घ्यायला तयार होतं.

तिसरी खूण फळाची, आणि सगळ्यात भरवशाची. ओकचं फळ म्हणजे एकॉर्न: खवल्यांच्या वाटीत बसलेलं कठीण कवचाचं एकबीजी फळ. जगभरात ओकच्या ४०० हून अधिक जाती आहेत. पानं किती का बदलेनात, ही वाटी चुकत नाही. सिल्व्हर ओकखाली वाटी सापडणारच नाही. सापडतील त्या दोनेक सेंटिमीटरच्या, काळपट, चिवट कोषिका. टोकाला वाळलेल्या केसराची शेपटी, एका बाजूने फट आणि आत कागदी पंखाचं एखाद-दुसरं चपटं बी.

मग याला ओक का म्हटलं? लाकडामुळे. गाभ्यापासून सालीच्या दिशेने कापलेल्या फळीवर ओकसारखेच चकचकीत पट्टे उमटतात. हे झाड मूळचं पूर्व ऑस्ट्रेलियाचं. एकोणिसाव्या शतकात भारतात आलं ते चहा-कॉफीच्या मळ्यांना सावली द्यायला. कोडगू आणि चिक्कमगळूरच्या कॉफीमळ्यांत आजही याच खोडांवर मिरीचे वेल चढवलेले दिसतात. भारतात खरे ओक वाढतात ते हिमालयात आणि ईशान्येकडे.

आनुवंशिक अभ्यासाने तर नात्यांची मांडणीच बदलली. सिल्व्हर ओक ज्या गणात येतो, त्याच गणात कमळ आहे! आणि ओकच्या गणात अक्रोडाबरोबर कोण, तर कोकण किनाऱ्यावरचं सुरू. सुईसारख्या हिरव्या काड्यांचं ते झाड ओकला सिल्व्हर ओकपेक्षा जवळचं आहे. पानं पाहून हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

मराठी घरात अस्सल ओक शिरलेला आहे तोही असाच ओळख लपवून. बाळगुटीत उगाळलं जाणारं मायफळ हे मुळात फळच नव्हे. पश्चिम आशियातल्या एका ओकच्या डहाळीत इवलीशी गांधीलमाशी अंडं घालते आणि वाढत्या अळीभोवती झाड ही तुरट गाठ तयार करतं. बाटलीचं बूचही भूमध्य सागराकाठच्या एका ओकचीच साल.

मोबाइलच्या अ‍ॅपवर झाड ओळखायचं असेल, तर नुसत्या पानाचा फोटो देऊन भागत नाही. कोंबासकट फांदी, फुलाची कळी आणि खाली पडलेलं फळ, असे तीन फोटो घ्यावेत. ही ओळख व्यवहारातही कामाला येते. ओक म्हणजे मजबूत, या समजुतीवर कुणी सिल्व्हर ओकखाली गाडी लावत असेल, तर त्याने वळवाच्या पावसाआधी फांद्या तपासून घ्याव्यात. या झाडाच्या फांद्या ठिसूळ असतात.