हिरवी टिक थापही मारते!

प्रोजेक्टच्या सगळ्या ऑटोमेटेड टेस्ट हिरव्या, तरी डेमोला लॉगिन गंडतं? जेस्टमधली टेस्ट पुन्हा वाचा. सर्व्हरचं उत्तर यायला वेळ लागतो. ‘अवेट’ लिहिलं नसेल किंवा प्रॉमिस रिटर्न केलं नसेल, तर टेस्ट थांबतच नाही. तपासणीआधीच बऱ्याचदा ‘पास’ होऊन मोकळी! ‘अवेट’ असेल तर जेस्ट ५ सेकंदांपर्यंत वाट बघतं.

यावरचा लाडका जुगाड म्हणजे ३ सेकंदांचा ‘स्लीप’. आपल्या लॅपटॉपवर चालतो, लॅबच्या संथ मशीनवर आपटतो. त्यापेक्षा घड्याळ सोडा, स्क्रीनवर ‘वेलकम’ दिसेपर्यंत थांबा. प्लेराइटमध्ये ही सोय आहेच, पण तिथंही ‘अवेट’ विसरायचं नाही हं!

आणि एकदा मुद्दाम चुकीचं उत्तर अपेक्षित धरून टेस्ट चालवा. तरीही हिरवी आली, तर ‘अवेट’ कुठं राहिलंय ते शोधा.