कॉर्निश भाषा: एका आंबट पानातून व्याकरणाचा धडा

चिंच, कैरी, आवळा... नुसती नावं वाचूनही तोंडाला पाणी सुटतं. ब्रिटनच्या नैऋत्य टोकावरच्या कॉर्नवॉलमध्ये या चवीसाठी एक जुना शब्द आहे, 'त्रेन्क'. हा शब्द कॉर्निश भाषेतला आहे. एकेकाळी ही भाषा मृत मानली गेली होती.

कॉर्निश भाषेचं काय झालं होतं?

कॉर्निश ही केल्टिक कुळातली भाषा, वेल्श आणि ब्रेटनची बहीण. इंग्रजीच्या रेट्यात ती मागे पडत गेली. 1777 मध्ये निधन झालेल्या डॉली पेंट्रीथ यांना अनेकदा ही भाषा अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती म्हटलं जातं. 1904 मध्ये हेन्री जेनर यांनी कॉर्निश शिकवणारं पुस्तक काढलं आणि पुनरुज्जीवनाला वेग आला. 2010 मध्ये युनेस्कोनं 'नामशेष' हा शिक्का काढला. तरी 2011 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये फक्त 557 जणांनी कॉर्निश ही आपली मुख्य भाषा सांगितली.

म्हणजे बहुतेकांना ही भाषा आईकडून मिळत नाही, ती शिकावी लागते. असे शब्द वहीतच राहण्याची भीती असते. पण जे हातात घेता येतं, चाखता येतं, त्याचा शब्द सहज विसरत नाही.

कोणत्या आंबट वनस्पती?

कॉर्नवॉलच्या कुरणांत 'सॉरेल' उगवते. ही आपल्या चुक्याच्याच रुमेक्स प्रजातीतली. झाडांच्या सावलीत 'वुड सॉरेल' दिसते, तीन पानांची, थेट आपल्या आंबुशीची नातलग. दोन्हींचा आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लामुळे येतो. रानटी सफरचंदं आंबट लागतात ती मुख्यतः मॅलिक आम्लामुळे.

हे शब्द लक्षात ठेवा

• त्रेन्क – आंबट
• ह्वेग – गोड
• ह्वेरो – कडू
• अव्हल – सफरचंद
• देल – पानं
• देलेन – एक पान

शेवटचे दोन शब्द पुन्हा पाहा. मराठीत 'पान'वरून 'पानं' होतं. इथे उलट आहे. मूळ शब्दच अनेकवचनी, त्याला 'एन' जोडलं की एक पान.

आणखी एक गंमत. 'आंबट सफरचंद' म्हणजे 'अव्हल त्रेन्क', पण 'आंबट पान' म्हणजे 'देलेन द्रेन्क'. 'देलेन' स्त्रीलिंगी असल्यानं विशेषणातल्या 'त'चा 'द' झाला. मराठीत हिरवा, हिरवी, हिरवं असा शब्दाचा शेवट बदलतो, कॉर्निशमध्ये सुरुवात बदलते. त्यामुळे नवशिके शब्दकोशात 'द्रेन्क' शोधतात आणि तो सापडतच नाही!

चाखण्याआधी सावधान

सॉरेलच्या कोवळ्या पानांसारखीच दिसणारी 'लॉर्ड्स अँड लेडीज' ही वनस्पती विषारी आहे. त्यामुळे जाणकार सोबत नसेल तर रानातलं पान तोंडात घालू नये. ऑक्झॅलिक आम्लामुळे सॉरेलही बेतानंच खावी. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती टाळलेली बरी.

भाषा टिकवायला कायदा, शाळा, पुस्तकं लागतातच. पण पान चावल्यावर तोंड वाकडं करून कुणी आपसूक 'त्रेन्क!' म्हणालं, तर तो शब्द वहीतून बाहेर पडला असं समजायचं.