सेकंडहँड, पण फर्स्टक्लास!

नव्या कॅमेऱ्यांच्या किमती बघून माझे डोळेच पांढरे झाले. फ्रीलान्सरचा चेक कधी येईल याचा नेम नाही आणि ताईचं लग्न तोंडावर. 'फोटो मीच काढणार' असं जाहीर करून बसले होते. मग काय, थेट फोर्टचा बोरा बाजार!

आधी एकदा सॉलिड फसले होते. स्वस्तात घेतलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी निघाली. दमट हवेची करामत! फोटो धूसर, पैसे पाण्यात. म्हणून या वेळी टॉर्च नेला आणि प्रत्येक लेन्समधून आरपार उजेड टाकून बघितला.

पसंत पडला निकॉन डी९०. २००८चं मॉडेल, १२.३ मेगापिक्सेल. 'एवढेच?' असं म्हणू नका, ए४ प्रिंटला ते आरामात पुरतात. मुख्य म्हणजे फोकस मोटर बॉडीतच आहे. त्यामुळे जुन्या ५० एमएम एफ/१.८डी लेन्सवरही ऑटोफोकस चालतो. डी३००० किंवा डी५००० घेतलात, तर या लेन्सवर फोकस हातानेच करावा लागेल.

दुकानातच एक फोटो काढून लॅपटॉपवर शटर काउंट पाहिला: ३१ हजार. कंपनीने हे शटर एक लाख क्लिकपर्यंत तपासलंय, म्हणजे अजून बरंच आयुष्य बाकी! घरी आल्यावर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, हे मात्र मस्ट.

पाठवणीच्या वेळी बाबा खांबाआड डोळे पुसत होते. तो फोटो कुणाच्याच मोबाइलमध्ये नाही. माझ्याकडे आहे.